इंदुकाकूंची बारी

आमच्या नालवाडीच्या गल्लीत घरांना पुढची दारं होती, पण ती पाहुण्यांसाठी, पोस्टमनसाठी आणि मतं मागायला येणाऱ्यांसाठी. बायकांचं येणं-जाणं मागच्या दारानं चाले, आणि त्यात इंदुकाकूंचा पहिला मान. आम्ही सेलूहून तिथे राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून अजून कपाट उतरत होतं आणि ह्या बाई आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून गॅस कुठे ठेवायचा ते माझ्या बायकोला सांगत होत्या. ओळख ना पाळख. "खिडकीखाली नोको ठेवू वं. हवेनं विझते. इकडं ठेव." विद्यानं शेगडी इकडं ठेवली. ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

काकू उंच, काटकुळ्या, नाकात खड्याची चमकी. चालताना चपलांचा आवाज होत नसे, त्यामुळे त्या आल्याचं आधी त्यांच्या आवाजावरूनच कळायचं, "आली वं मी." आत आल्या की पहिलं काम म्हणजे भांड्यांवरची झाकणं उचलून पाहणं. भाजीत तेल कमी असलं तर तसं सांगत, जास्त असलं तर तेही सांगत, आणि बरोबर असलं तर काहीच न बोलता वाटीत घेऊन खात. काका एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, गरीब माणूस. घरातलं सगळं बोलणं काकूंनी उरकून टाकल्यामुळे त्यांच्या वाट्याला फारसं काही उरलं नव्हतं.

काकूंच्या तोंडी एक वाक्य कायम असे, "मी हावो ना." पोरीला पाहायला पाहुणे येणार आणि घरात बाई माणूस नाही? मी हावो ना. ऑपरेशन आहे, डबा कोण नेणार? मी हावो ना. एकदा समोरच्या घरातल्या सुनेला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, नवरा बाहेरगावी. काकू तिला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे कागद भरणाऱ्या माणसानं विचारलं, पेशंटशी तुमचं नातं काय? काकू म्हणाल्या, "मी हावो ना!" तो म्हणाला, ते दिसतंय, पण नातं काय लिहू? "तेच लिवा," काकू म्हणाल्या. शेवटी त्यानं 'मावशी' लिहिलं. ती सून आणि तिचा मुलगा अजून त्यांना मावशीच म्हणतात.

पण काकूंचं खरं राज्य चालायचं उन्हाळ्यात, कुरड्यांच्या दिवसांत.

कुरड्या करणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा. हे सगळं घरची बाई करू शकते. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मिठाच्या आधणात तो चीक ओतून दांड्यानं हाटायचा, आणि शिजला की गरम असेपर्यंतच साच्यात भरून कुरड्या पाडायच्या. गार झाला की चीक साच्यातून उतरत नाही, सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून एकीनं हाटायचं, दोघी-तिघींनी साचे फिरवायचे, बाकीच्यांनी भरून द्यायचे, आणि हे सूर्य डोक्यावर यायच्या आत. आमच्या गल्लीत आठ घरांची बारी होती. आज तुझ्या घरी सगळ्या, परवा माझ्या घरी सगळ्या. कोणाची बारी कधी, हे काकू ठरवत. ज्या घरी लग्न किंवा बाळंतपण असेल त्याचा नंबर आधी, आणि स्वतःचा अगदी शेवटी. आदल्या संध्याकाळी त्या बाकीच्या सातही घरांच्या मागच्या दारी जाऊन वर्दी देत, "उद्या सकायी, फलानीच्या घरी." ह्या वर्दीला कोणी नाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

नववं घर होतं गयाबाईंचं. काकूंच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला त्या; त्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. गयाबाई घरी ब्लाऊज शिवत. त्या बारीत नव्हत्या, कारण फार वर्षांपूर्वी, बारीत असताना, त्यांनी सगळ्यांसमोर काकूंच्या चिकाची चव घेऊन म्हटलं होतं, "खारट झाला." झालं. काकूंनी त्या दिवशी कुरड्या पाडून घेतल्या, आणि नंतर गयाबाईंच्या घरी वर्दी द्यायला त्या गेल्या नाहीत. बोलणं बंद झालं. मी विद्याला विचारलं, "पण खरंच खारट होता का?" ती म्हणाली, "थोडा खारटच असते काकूचा. पण तसं कोणी म्हणते का?"

मी वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकणारा माणूस. दिवसभर लोकांना प्रश्न विचारून विचारून माझा स्वभाव चोंबडा झालेला आहे. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात पैशापेक्षा मला एकाच गोष्टीचं कुतूहल वाटत राहिलं, की हे एवढं पसरलं कसं, आणि नेमकं कुठून कुठे गेलं.

आलं ते जावयाबरोबर. काकूंची मुलगी मनीषा रोहण्याला दिलेली. जावई राजेश शेती बघणारा, साधा मुलगा. एका दिवाळीला तो टाय बांधून आला. आमच्याकडे जावयाचा मान म्हणजे विचारू नका. तो म्हणेल ती भाजी, तो म्हणेल ते चॅनल. ह्या वेळी जावई म्हणाला, आई, एक कंपनी आहे. एक रक्कम भरायची, त्याबद्दल ताकदीच्या पावडरीचा डबा मिळतो. मग आपल्याखाली तीन माणसं जोडायची, त्या तिघांनी आणखी तीन-तीन. खालच्यांनी भरलं की वरच्यांना वाटा. ह्या साखळीला, म्हणजे चेनला, गल्ली 'चैन' म्हणू लागली. पहिले काही आठवडे काकूंना वाटा आलासुद्धा.

राजेशनं काकूंच्या अंगणात मीटिंग घेतली. जिथे कुरड्यांच्या चटया अंथरायच्या तिथेच सतरंजी घातली आणि भिंतीवर फळा टांगून त्यावर गोल काढले. बायका पदर सावरून ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "बुडणार तं नाई ना जी?" राजेश उत्तर द्यायच्या आधीच काकू बोलल्या, "काऊन घाबरतं वं? मी हावो ना."

विद्यानंही पैसे भरल्याचं मला कळलं ते तांदळाच्या पिंपामागे पावडरीचा डबा सापडला तेव्हा. विद्याला विचारलं, मला न सांगता भरलेस? ती म्हणाली, "काकूले नाही कसं म्हणू? तुमच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी डबा कोणी नेला होता?" पावडर मी दुधातून घेऊन पाहिली. ताकद आली नाही, पण चव बरी होती.

मग मी माझ्या सवयीनं विचारत सुटलो. तुम्हाला कोणी सांगितलं? आणि तुम्ही कोणाला? ऐकावं ते नवल. कंपनीचं नाव कोणाला नीट सांगता येत नव्हतं. सगळ्यांच्या उत्तरात एक माणूस होतं. नणंदेनं सांगितलं. ईहीणबाईनं सांगितलं, पोरगी त्यांच्या घरी दिलेली, नाही कसं म्हणायचं? बारीतली आठही घरं भरून बसली होती, आणि जवळजवळ त्याच क्रमानं, ज्या क्रमानं काकू वर्दी देत. तिथून ते प्रत्येकीच्या माहेरी गेलं. एका रविवारी सेलूहून माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन आला, "दादा, तुमच्या नालवाडीची एक चैन आली हाय, चांगली हाय का रे?" तिला ती शेजारणीच्या मामेबहिणीकडून मिळाली होती. आमच्या पिंपामागून निघालेलं प्रकरण फिरून माझ्याच फोनमध्ये आलं होतं. मी तिला म्हटलं, भरू नको. ती म्हणाली, आता भरले ना, त्यांना नाही कसं म्हणू?

लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही. टायवाल्यानं गोल काढले तेव्हा सगळ्यांच्याच डोळ्यांत जरा चमक आली होती. पण लोभाच्या आधी भीड होती. राजेशही त्यात आला तो शाळेतल्या त्याच्या सरांमुळे. सरांना कोणी आणलं ते मला कळलं नाही. जो तो अशा माणसाच्या हाताखाली होता ज्याला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं.

एकदा संध्याकाळी काकू आमच्या मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. मी विचारलं, "काकू, प्रत्येकानं तिघं आणायचे. मग जो अगदी शेवटी येईल, त्याच्याखाली कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दोन अधिक दोन किती विचारलं.

"अजी भाऊ, कुरडीच्या बारीत शेवटी कोनाचं घर रायते?"

"तुमचं."

"मंग! शेवट मी घेतो ना. सगळ्याईचं होऊन जाऊ दे, मंग मले भेटन तेवढं भेटन."

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना खरोखर वाटत होतं की ही चैनसुद्धा कुठेतरी फिरून परत आपल्या अंगणात येणार. आयुष्यभर त्यांनी जे जे चालवलं ते सगळं फिरून येणारं होतं. संक्रांतीचं वाण, दवाखान्याचे डबे, कुरड्या. ज्याच्याकडे आपण गेलो तो आपल्याकडे येतो. खाली खाली जाऊन संपणारी गोष्ट त्यांनी पाहिलेलीच नव्हती. मी फळ्यासारखे गोल काढून दाखवायला कागद घेतला, तर म्हणाल्या, "राहू द्या जी, तुमचं ऑफिसचं डोकं." आणि सोललेले दाणे विद्याच्या वाटीत टाकून निघून गेल्या.

व्हायचं ते झालं. नागपुरातल्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं, राजेशचा फोन बंद झाला.

मला वाटलं होतं आता गल्लीत आरडाओरडा होईल. तसं काहीच झालं नाही. झालं ते एवढंच, की काकूंच्या मागच्या दाराशी कोणी दिसेनासं झालं. कोणाला काही काम पडलंच तर ती बाई पुढून येई, बेल वाजवी, चप्पल काढून उभी राही आणि "काकू आहेत का?" असं विचारी. ती बेल मला माझ्या खोलीत ऐकू यायची आणि दर वेळी मनाला लागायची. शिव्या परवडल्या असत्या.

काकू लपल्या नाहीत. एका दिवशी त्या बारीतल्या बाकीच्या सातही घरी गेल्या. पुढच्या दारानं. आमच्याकडे आल्या तेव्हा दार मीच उघडलं. आत या म्हटलं तर ओट्यावरच उभ्या राहिल्या. विद्या बाहेर आली.

"मी म्हटलं म्हनून तू भरले," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ हाय ते मी देईन. सगळं होईन का नाई, मले मालूम नाई."

"जाऊ द्या ना काकू," विद्या म्हणाली.

"जाऊ कसं द्याचं?"

त्यांच्या गळ्यात सोन्याची पोत नव्हती, काळा धागा होता. ते विद्यानं पाहिलं, मीही पाहिलं. ज्या दोन घरांत खरोखर अडचण होती तिथे त्यांनी आधी दिलं, हे नंतर कळलं. आणि एक गोष्ट मला त्या वेळी कळली नाही पण हळूहळू जाणवली. त्या दिवसानंतर काकूंनी ते वाक्य म्हणणं बंद केलं. समोरच्या पोराचा पाय मोडला तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि काही न बोलता परत गेल्या. मला काकूंची फार दया आली. बुडालेले पैसे लोक हळूहळू विसरतात. पण ह्या बाईचं जगणं त्या एका वाक्यावर चाललेलं होतं, आणि आता ते म्हणायचा हक्क आपल्याला राहिला नाही असं तिनंच ठरवलं होतं.

गयाबाईंना मी त्यांच्या दारातून विचारलं, "तुम्ही बऱ्या वाचलात. कसं काय ओळखलं?" मला वाटलं होतं, काहीतरी शहाणपणाचं ऐकायला मिळेल.

त्यांनी शिलाईतून मान वर केली. "मीनं काय ओयखलं जी? मले कोनी इचारलंच नाई. इचारलं असतं तं मीनं बी भरले असते." आणि पुन्हा शिलाईवर वाकत म्हणाल्या, "एवढ्या गल्लीत कोनी इचारू नये मले?" पैसे वाचल्याचा आनंद त्यात अजिबात नव्हता.

उन्हाळा आला. बारी लागली नाही. कोणी वर्दी दिली नाही, कोणी मागितलीही नाही. दोघी-तिघींनी बचत गटाच्या तयार कुरड्या आणल्या, बाकीच्या 'यंदा बघू' म्हणत राहिल्या.

एके सकाळी विद्या गच्चीवरून खाली आली. "काकूनं गहू भिजू घातले."

"मग?"

"अहो, सगळे. आठ घरच्या बाया येतात तेवढे."

भिजलेल्या गव्हाला दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो. तिसऱ्या दिवशी तो सगळ्या गल्लीभर होतो. त्यामुळे सांगायची गरज कोणालाच नव्हती. चौथ्या संध्याकाळी, चीक काढून ठेवल्यावर, वर्दी द्यायची वेळ आली. विद्या मागचं दार उघडं ठेवून उगाच भांडी लावत होती. काकू आल्या नाहीत. बोलवायला तोंड नव्हतं, आणि एकटीपुरते मूठभर गहू भिजवायला मन झालं नव्हतं. त्या फक्त सगळं तयार करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी गच्चीवर गेलो तर खाली काकूंच्या अंगणात चूल पेटलेली, पातेल्यात आधण उकळतंय, काका दोन फडक्यांनी पातेलं धरून उभे, आणि काकू लाकडी दांड्यानं चीक हाटत होत्या. चटया अंथरलेल्या. तीन साचे धुऊन पालथे मांडलेले. बसायला कोणी नाही.

मी खाली येऊन विद्याला म्हटलं, "जा ना."

"मी एकटीच गेली तर बाकीच्या काय म्हणतील?"

मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या घराची वरची खिडकी उघडी, तिथे एक डोकं. पलीकडच्या गच्चीवर दुसरं. सगळ्या पाहत होत्या, आणि सगळ्या एकमेकींकडे पाहत होत्या. ज्या भिडेनं सगळ्यांना एका सुरात पैसे भरायला लावले, तीच आता सगळ्यांना एका सुरात घरी बसवून होती. आणि चीक शिजत आला होता.

काकांनी पातेलं खाली उतरवलं. काकूंनी एक साचा भरला आणि स्वतःच फिरवायला बसल्या. एक कुरडी पडली, दुसरी पडली. अंगणभर चटया आणि त्यांवर दोन कुरड्या. पातेल्यातली वाफ कमी होऊ लागली होती. काकूंचे हात भराभर चालत होते, पण एवढा चीक दोन हातांचा नव्हताच.

तेवढ्यात मधल्या भिंतीवर एक पितळी साचा आला. ठेवणारे हात दिसले, मग साडी वर खोचलेल्या गयाबाई भिंत ओलांडून ह्या बाजूला उतरल्या. त्या कोणाच्याच बारीत नव्हत्या, त्यामुळे त्यांना कोणाकडे पाहायचं नव्हतं. सरळ पातेल्याशी गेल्या, बोटानं चीक घेऊन तोंडात टाकला.

"खारटच हाय."

काकू साचा फिरवायच्या थांबल्या. आता काय होतं ह्या भीतीनं मी खिडकीची सळई घट्ट धरली.

"तुह्याशी मी बोलत नाई, गया."

"नोको बोलू. चीक थंडा होऊन राह्यला, साचा भर."

काकूंनी पातेल्याकडे पाहिलं, मोकळ्या चटयांकडे पाहिलं. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "दोघीच्यानं नाई होत वं हे."

गयाबाईंनी चटईवर बसकण मारली आणि हात पुढे केला. "दे इकडं. मी हावो ना."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग साचा भरून तिच्या हातात दिला. विद्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मागच्या दारानं निघाली होती, आणि गल्लीतली दुसरी मागची दारं वाजल्याचं मला पाठोपाठ ऐकू आलं. नुसते साचे करकरत होते, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत चटया पांढऱ्या झाल्या.

त्याच वर्षी आम्ही बदली होऊन नालवाडी सोडली. राजेश पुढे सापडला, शेतीला लागला. कोणाचे किती पैसे परत आले ते मी विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसानं विचारलं नाही ह्यातच काय ते समजा. काकूंची आठवण निघाली की मला त्या रविवारची दुपार दिसते. बायका पांगल्या होत्या, काका कावळे हाकायला काठी घेऊन बसले होते. काकूंनी उरलेल्या चिकाची वाटी भरली, वर साखर आणि तुपाची धार घातली, आणि त्या निघाल्या. भिंत ओलांडायचं त्यांचं वय नव्हतं. गल्लीला वळसा घालून त्या गयाबाईंच्या घरापर्यंत गेल्या, पुढच्या दारापाशी क्षणभर थांबल्या. मग तिथून पुढे गेल्या, बोळात शिरल्या, आणि मागच्या बाजूनं आवाज आला, "आली वं मी."